साक्षीदार नात्यातला नसावा

मांडवगण फराटा, ता. शिरूर
२५ नोव्हेंबर २०२४

मा. दानिएल साहेब, दौंड, यांना मल्हारी कोळपेचा रामराम.

दिवाळी होऊन गेली तरी लांबची केंद्रं धरायच्या स्पर्धेचा फॉर्म आला न्हाई. म्हणलं पोस्टानं गिळला असंल, म्हणून वहीच्या कागदावर रकाने आखून अर्ज धाडतोय. थंडी पडली की रेडिओवर लांबची केंद्रं लागाया लागतात आन् माझा हात आपसूक बटणावर जातो. त्याला फॉर्म कशाला पायजे.

यंदा चार केंद्रं धरली. श्रीलंका, ओमान, इराण, आन् चौथं कुणाचं ते कळलं न्हाई. पण लई लांबचं असणार, कारण बोलणारी बाई मधीच बुडायची आन् दोन वाक्यांनी वर यायची. नियमाप्रमाणं चारी केंद्रांपुढं साक्षीदाराची सही केलेली हाय.

इकडची खबर म्हंजी लाईट रोज जाती. सगळा गाव शिव्या देतो आन् मी एकटा हात जोडतो. मोटारी, चार्जर, ते पांढरे बल्ब, सगळ्यांची रेडिओत जी खरखर येती ती एका दमात बंद होती, आन् इराण असा बोलतो की वाटावं बांधावर उभा हाय. आमची कारभारीण गिताबाई सणसवाडीला रविराजच्या खोलीवर ऱ्हाती, नातीला सांभाळाया. रविराज रांजणगावला शिफ्टमधी, सूनबाई प्रगतीबी कंपनीत. तवा घरात मी आन् तुमी सांगितलेला रेडिओ.

तब्येत जपा.

आपला
मल्हारी कोळपे


दौंड
२ डिसेंबर २०२४

श्री. मल्हारी कोळपे यांना सप्रेम सलाम.

आपलं पत्र मिळालं. दानिएल हे माझे थोरले भाऊ. ऑगस्टमध्ये ते गेले. रात्री जेवून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. उभा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलेल्या माणसानं कुणालाही हिरवा-लाल न दाखवता निघून जावं, याचा मला अजून राग आहे.

मी इवा उजागरे. इथल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. यंदापासून स्पर्धा मी चालवते. रेडिओतलं मला काही कळत नाही, पण छापलेले नियम वाचता येतात. आपल्याकडे संस्था चालवायला एवढी पात्रता जरा जास्तच होते.

आता आपल्या अर्जाविषयी. आपल्या चारही साक्षीदारांनी एकाच पेननं, एकाच घाईनं आणि एकाच तिरप्या हातानं सह्या केल्या आहेत. त्यातल्या म्हाळसाबाईंनी तर आधी ‘मल्हारी’ असं लिहून, मग ते खोडून आपलं नाव लिहिलं आहे. नियम असा आहे: साक्षीदार नात्यातला नसावा आणि त्यानं शेजारी बसून ते केंद्र स्वतः ऐकलेलं असावं. पूर्वी एका गृहस्थानं मोबाईलवर लंडन लावून ‘रेडिओवर लागलं’ म्हणून कळवलं होतं, तेव्हापासून दानिएलनं हा नियम घातला. आपल्या चारही नोंदी बाद करत आहे.

३१ जानेवारीपर्यंत नव्या नोंदी पाठवता येतील. सध्या दौंडचे श्री. जॉन्सन आघाडीवर आहेत. स्पर्धक पुरेसे आहेत, तेव्हा स्पर्धा रद्द होईल अशी काळजी नसावी.

आपली
इवा उजागरे, सचिव


मांडवगण फराटा
११ डिसेंबर २०२४

इवाबाईंना रामराम.

तुमचं पत्र वाचलं. साहेब जाऊन इतके दिवस झाले आन् मी त्यांनाच इचारतोय फॉर्म का न्हाई धाडला. आमची भेट कधी झाली न्हाई. दर हिवाळ्याला त्यांचं पत्र यायचं. तुमच्यागत तेबी पहिल्यांदा चुका काढायचे, मग शेवटाला लिहायचे, ‘कान सांभाळा.’ मला तेवढं म्हणणारं दुसरं कोण नव्हतं.

सह्या चारी माझ्याच. लपवत न्हाई. पण माझं ऐका. आमच्याकडं बिबट्या हाय. एक न्हाई, लई. माझं घर रानात, चहूकडं ऊस. दिवस मावळाया लागला की जो तो दाराला कडी घालतो. आन् लांबची केंद्रं लागायची वेळ नेमकी तीच, कारण हे आवाज अंधारातनंच चालत येतात. त्या वेळंला साक्षीला बिबट्याच तेवढा मोकळा असतो. त्याची सही चालती का ते कळवा.

आता मुद्द्याचं. परवा सांजच्याला, दिवस नुकता बुडाला हुता, एक नवंच केंद्र लागलं. गडी बोलत हुता. भाषा अशी की वाक्याच्या शेवटाला येऊन टेकायची, जणू ओझं उतरवून ठेवलं. मी रविराजला फोन लावला आन् फोन रेडिओपाशी धरला.

तो म्हणला, “आबा, ह्यो तर आमचा कोरियन साहेब.”

म्हणलं, “तुझा साहेब रेडिओवर कशाला येईल?”

“साहेब न्हाई वो, भाषा. लाईन बंद पडली की त्यो असाच बोलतो. मला कळत काय न्हाई, पण काम पटापट व्हतं.”

बाई, कोरिया. समुद्र वलांडून, चीन वलांडून, माझ्या ओट्यावर. मागनं गिताबाईचा आवाज आला, “त्यास्नी इचार जेवले का.” मी म्हणलं जेवलो. जेवलो नव्हतो.

बक्षीस मला नको. माझा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा तवा त्याच्या गळ्यात ट्रान्झिस्टर असायचा, तवापासून हा नाद. पण बाप एकटा नव्हता, सांजच्याला मेंढरांच्या वाड्यावर दहा माणसं ऐकायची. आता एवढ्या लांबनं आवाज आला आन् ते फक्त मलाच ठावं, तर आला म्हणायचं का न्हाई? तुमच्या यादीत कोरिया लागला, की तो आला. एवढंच मागणं हाय.

मल्हारी कोळपे


दौंड
१९ डिसेंबर २०२४

श्री. मल्हारीराव,

आपलं पत्र दोनदा वाचलं. नियमांत तिसऱ्यांदा वाचून फरक पडेल असं काही सापडलं नाही. चिरंजीव रविराज नात्यातले आहेत आणि फोनवरचं ऐकणं हे शेजारी बसून ऐकणं होत नाही. कोरिया नामंजूर. बिबट्याबद्दल नियमात काही नाही, परंतु तो नात्यातला नसल्याची खात्री आपण कशी देणार?

तुम्हाला वाईट वाटेल हे मला कळतं. दानिएल असता तर त्यानंही हेच केलं असतं आणि वर आपल्याला एक गोड वाक्य लिहिलं असतं. मला गोड वाक्यं जमत नाहीत.

नाताळ जवळ आला. आमच्या चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला यंदा बाकं जास्त आणि गळे कमी. घरी येऊन परवा मी दानिएलचा रेडिओ शोकेसमधून काढला, नवे सेल घातले. तुम्ही सगळे ऐकता काय ते एकदा बघावं म्हटलं. नुसती खरखर, आणि मधूनच कुणी पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज. यंत्र मालकाबरोबरच गेलेलं दिसतं. पुन्हा पुसून ठेवून दिलं.

श्री. जॉन्सन आमच्याच गल्लीत राहतात, अगदी रेल्वे लाईनीला लागून. त्यांनी गेल्या आठवड्यात घरबसल्या जपान ऐकलं. तेव्हा आपण प्रयत्न सोडू नयेत. एखादा साक्षीदार मिळवा. माणूस नावाचा प्राणी शिरूर तालुक्यातून अजून नामशेष झाला नसावा.

इवा उजागरे


मांडवगण फराटा
४ जानेवारी २०२५

इवाबाईंना रामराम. नाताळ आन् नवं वर्ष सुखाचं जावो.

माणूस नामशेष झाला न्हाई, पण मिळतबी न्हाई. सांगतो.

शेजारचा सम्राट. ह्याच्या उसाला डुकरं येतात म्हणून त्यानं तारेचं कुंपण केलंय, त्याला झटका मशीन. ते मशीन दर सेकंदाला तारेत झटका सोडतं, आन् प्रत्येक झटका माझ्या रेडिओत टक करून वाजतो. टक, कोरिया, टक, कोरिया. त्याच्याकडं गेलो. म्हणलं, “सम्राट, सांजच्याला अर्धा तास मशीन बंद कर, आन् माझ्यासंगं येऊन बस. च्या पाजतो.”

“कशाला?”

“रेडिओ ऐकाया.”

“मामा, अर्ध्या तासात डुकरं माझा ऊस खात्याल, आन् बिबट्या मला. तुमी काय ऐकणार?”

“कोरिया.”

बायकोला हाक मारून म्हणला, “धनश्री, सणसवाडीला फोन कर, मामीला म्हणावं जरा येऊन जा.”

मग एक दिवस सांजच्याला डीपीवर काम कराया वायरमन आला हुता. त्याला बसवलं. लाईट त्यानंच बंद केलेली, तवा रेडिओ एकदम साफ. कोरियाचा गडी मस्त बोलत हुता. वायरमननं कपातला च्या संपवला, मान हलवली आन् म्हणला, “मामा, ह्यात दुसऱ्याच कुणाचा आवाज येतोय. बिघडलाय. टीव्ही घ्या.” सही कर म्हणलं तर म्हणतो, सरकारी माणसानं कशावरबी सही करू न्हाई.

आता एकच मार्ग दिसतो. तुमचे जॉन्सन साहेब. त्यांनाच इकडं धाडा. प्रतिस्पर्धी म्हंजी नात्यातला नव्हं, आन् कान तयार. त्यानंच सही केल्यावर तुमालाबी शंका ऱ्हाणार न्हाई. कोंबडं कापतो. ऱ्हायचं असंल तर पांघराया वाकळ हाय.

मल्हारी कोळपे


दौंड
१३ जानेवारी २०२५

श्री. मल्हारीराव,

श्री. जॉन्सन यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, त्यामुळे प्रवास शक्य नाही. शिवाय ते स्वभावानं एकलकोंडे आहेत. प्रतिस्पर्धी साक्षीदार चालतो का, याचाही विचार करावा लागेल आणि विचार करणारी समिती सध्या मीच असल्यानं बैठकीला वेळ लागतो.

मुदत जवळ आली आहे. नोंद पूर्ण झाली नाही तरी आपण लिहीत राहावं. माझ्या टपालात हल्ली विजेचं बिल आणि मुलींना पटकन गोरं करणाऱ्या साबणाची जाहिरात एवढंच असतं. मला मुलगी नाही.

इवा उजागरे


मांडवगण फराटा
२० जानेवारी २०२५

इवाबाई,

तुमचा रेडिओ बिघडलेला न्हाई.

साहेबांनी मला लिहिलं हुतं, दौंडात इंजनं विजेवर धावाया लागली आन् डोक्यावर तारा आल्या, तवापासून शहरात लांबचं केंद्र लागत न्हाई. गाडी गेली की तारेवर ठिणगी, आन् रेडिओत वाळू. म्हणून ते सायकल काढून भीमेच्या पात्रात जाऊन बसायचे. तुमाला ते ठावं नसंल. सांजच्याला भाऊ सायकल घेऊन कुठं जातो, असं वाटत असंल.

आता लाईनीला लागून ऱ्हाणारा माणूस घरबसल्या जपान ऐकतो म्हंजी एक तर तो देव हाय, न्हाई तर तो न्हाईच. हे मला तुमच्या दुसऱ्या पत्रावरनंच कळलं, पण चार दिवसांनी. मागच्या पत्रात त्याला कोंबड्याचं आवतण दिलं ते बघाया, की तुमी त्याचं काय करता. तुमी गुडघा काढला.

राग आला न्हाई, हे आधी सांगतो. मी इथं म्हाळसाबाई केली, तुमी तिथं जॉन्सन केला. स्पर्धेला दोन माणसं न्हाई मिळाली तर स्पर्धा रद्द, ह्योबी साहेबांचाच नियम. म्हंजी यंदा अर्ज एकच आला, माझा. बाकीचे मेले, न्हाई तर त्यांनी टीव्ही घेतला.

जॉन्सनला काढू नका. त्यानं जपान ऐकलं हे वाचून मला चार दिवस झोप न्हाई आली, लई दिवसांनी असा कुणाचा तरी हेवा वाटला. ऱ्हाऊ द्या त्याला पहिला.

पण साक्षीला माणूस पायजे तो खराच पायजे. तुमी नात्यातल्या न्हाई. तुमाला कान हाय. काष्टीपर्यंत एसटी हाय, तिथनं इकडं वडापची जीप येती. दिवस मावळायच्या आत पोचाल, अर्धा तास बसा, शेवटच्या वडापनं माघारी जा. फाट्यावर मी काठी घेऊन उभा ऱ्हातो.

याल का, एवढं कळवा. न्हाई कळवलं तरी २८ तारखंला मी फाट्यावर हाय.

मल्हारी


दौंड
१ फेब्रुवारी २०२५

साक्षीदाराचं निवेदन

मी, इवा उजागरे, वय चोपन्न, राहणार दौंड, २८ जानेवारी रोजी श्री. मल्हारी कोळपे यांच्या ओट्यावर उपस्थित होते. साक्षीदारानं ऐकलं तेवढंच लिहावं असा नियम असल्यानं तसं लिहीत आहे.

ओट्यावर दोन खुर्च्या होत्या. एक घरची आणि एक श्री. सम्राट यांच्याकडून मागून आणलेली, जिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. श्री. सम्राट यांनी झटका मशीन स्वतः बंद केलं. “बाई परगावाहून आल्यात म्हणून, नाहीतर केलं नसतं,” असं ते मला आणि माझ्यादेखत श्री. कोळपे यांनाही दोनदा म्हणाले. नंतर ते स्वतःच्या गच्चीवर बॅटरी घेऊन बसले आणि आम्ही उठेपर्यंत उसावर उजेड फिरवत होते. ही माहिती नियमात मागितलेली नाही, पण मला ती लिहावीशी वाटते.

दिवस मावळला. श्री. कोळपे रेडिओ मांडीवर घेऊन तो हळूहळू फिरवत होते, तान्ह्या मुलाचं तोंड उजेडाकडं करावं तसं. आधी तेल तापल्यासारखी चरचर. मग कुठलंसं तमिळ गाणं. मग त्यांनी बोट वर केलं.

चरचरीच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं.

मी विचारलं, “काय म्हणतोय?”

“काय ठावं.”

“मग तुम्ही ऐकता काय?”

“बोलतोय ते.”

आवाज वर आला, बुडाला, पुन्हा आला. तेवढ्यात वडापवाल्यानं फाट्यावरून हॉर्न द्यायला सुरुवात केली आणि मला निघावं लागलं.

मी ऐकलं ते असं: एक पुरुष बोलत होता. तो आम्हाला उद्देशून बोलत नव्हता. पण त्या वेळी, त्या रानात, त्याला ऐकायला आम्ही दोघंच होतो. भाषा कोणती, देश कोणता, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. माझ्या कानाला कोरियन आणि कन्नड यांत फरक कळत नाही.

निर्णय: केंद्र ओळखल्याची साक्ष नसल्यानं नोंद नामंजूर. तसंच श्री. जॉन्सन यांच्या साक्षीदाराची सही सचिवांच्याच हातची असल्याचं आढळल्यानं त्यांचीही नोंद रद्द. आपण त्यांना ठेवा म्हणाला होतात. ठेवलं असतं. पण एकदा खुर्चीवर खरी साक्षीदार म्हणून बसल्यावर मला ते जमेना. एकच स्पर्धक उरल्यानं यंदाची स्पर्धा रद्द करण्यात येत आहे. पुढच्या वर्षी ती होईल असं वाटत नाही.

निवेदन संपलं. पुढचं माझं.

मल्हारीराव, परतताना वडापमध्ये मी ड्रायव्हरला रेडिओ लावायला सांगितलं. त्यानं मोबाईलवर गाणी लावली. सही केली असती तर तुम्हाला कोरिया मिळाला असता, हे मला माहीत आहे. तुम्ही ओट्यावर मला एकदाही ‘ऐकू आलं ना’ असं विचारलं नाहीत, त्यामुळे खोटं बोलणं आणखीच अवघड झालं.

स्पर्धा नाही, म्हणजे आता पत्र लिहायला कारणही उरत नाही. तेव्हा कान सांभाळा.

इवा


मांडवगण फराटा
९ फेब्रुवारी २०२५

इवाबाईंना रामराम.

निकाल मिळाला. बरोबर केलंत. तुमी सही करून दिली असती तर मी घेतली असती, आन् मग जल्मभर तुमच्यावर इस्वास बसला नसता.

तुमाला वडापमधी बसवून माघारी आलो तरी कोरिया आणखी थोडा वेळ हुता. एकट्यानंच ऐकला. सम्राटनं मशीन चालू केलं तवा बंद झाला. दुसऱ्या दिवशी सम्राट खुर्ची न्यायला आला आन् इचारतो, बाई परत कवा यायच्या. म्हणलं, काम झालं, आता कशाला येत्याल. तो खुर्ची न नेताच गेला.

गिताबाईला फोनवर सांगितलं, दौंडच्या बाई आल्या हुत्या, त्यांनी नापास केलं. ती म्हणली, नापास कराया एवढ्या लांबनं कोण येतं.

एक इचारायचं हुतं. त्या दिवशी आपण अर्धा तास शेजारी बसलो आन् रेडिओ चालू असल्यानं काय बोलणं झालं न्हाई. साहेब कसे हुते, सायकलीवरनं येऊन काय सांगायचे, हे इचारायचं मनात हुतं, पण कोरिया निसटंल म्हणून गप ऱ्हायलो. तवा पुढच्या खेपंला दुपारच्याला या. दुपारी उन्हात लांबचं एकबी केंद्र लागत न्हाई. लागतं फक्त पुणं, आन् पुण्याचं आपण लई ऐकून घेतलंय.

रेडिओ बंदच ठेवतो.

मल्हारी